सीडींच्या माहितीचा जुना सर्व्हर पोस्टग्रेसवर हलवायचाय

तीनताल

आमच्या संगीत मंडळाकडे सीड्यांचा बऱ्यापैकी मोठा साठा आहे. ख्याल, नाट्यसंगीत, अभंग, भावगीतं, थोडं कर्नाटकी. त्या संगणकावर उतरवून घ्यायचं काम चालू आहे, आणि ट्रॅकची नावं आपोआप यावीत म्हणून मंडळाच्या खोलीत एक जुना पीसी कायम चालू असतो. त्यावर फ्रीडीबीचा (सीडी ओळखून ट्रॅकची नावं सांगणाऱ्या सेवेचा) सर्व्हर, फ्रीडीबीचा उतरवून ठेवलेला सगळा साठा आणि आम्ही घातलेल्या नोंदी. आता हे सगळं नीट डेटाबेसमध्ये घ्यायचं मनात आहे. पोस्टग्रेस हा डेटाबेस ठरल्यातच जमा आहे, पण टेबलं कशी आखायची यावर घोडं अडलंय.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑडिओ सीडीवर गाण्याचं नाव नसतं. १९८० च्या रेड बुकमध्ये असते ती फक्त सूची: कुठला ट्रॅक कुठून सुरू होतो. मोजमाप फ्रेममध्ये, सेकंदाला ७५ फ्रेम. नावं साठवणारं सीडी-टेक्स्ट १९९६ मध्ये आलं, पण आमच्या कपाटातल्या सीड्यांवर ते क्वचितच सापडतं. मधल्या काळात टी कान यांनी युनिक्ससाठी एक्सएमसीडी हा प्लेअर लिहिला. सूचीतल्या आकड्यांवरून डिस्क ओळखायची, आणि नावं लोकांनीच टाइप करून पाठवायची, ही त्यातली कल्पना. स्टीव्ह शर्फ यांनी सर्व्हर लिहिला, तो सीडीडीबी. १९९८ मध्ये तो एस्यंट कंपनीकडे गेला, २००० मध्ये ग्रेसनोट झाला, आणि लोकांनी हौसेनं भरलेली माहिती परवान्याच्या कुंपणात गेली. त्यावर उतारा म्हणून जीपीएल या मुक्त परवान्याचं फ्रीडीबी उभं राहिलं. २००६ मध्ये ते माजिक्सनं घेतलं आणि २०२० मध्ये बंद झालं. जीएनयूडीबी तो वारसा चालवतंय.

साठवण अशी: अकरा फोल्डर (ब्लूज, क्लासिकल, कंट्री, डेटा, फोक, जॅझ, मिसलेनियस, न्यूएज, रेगे, रॉक, साउंडट्रॅक), आणि प्रत्येक डिस्कची एक मजकूर-फाइल. फाइलचं नाव म्हणजे आठ अक्षरी डिस्क-आयडी. आतला मजकूर साधारण असा (कळा, म्हणजे ओळींची डावीकडची नावं, देवनागरीत लिहिल्यात):

ट्रॅक फ्रेम ऑफसेट: १५०, १३८०७५, २११५००
डिस्क लेंग्थ: ३६०० सेकंद
रिव्हिजन: २
डिस्कआयडी=१सी०ई०ई०३
डीटायटल=मंडळाची बैठक / कोजागरी १९९८
टीटायटल०=यमन, विलंबित एकताल
टीटायटल१=यमन, द्रुत तीनताल
टीटायटल२=भैरवी, भजन

प्रश्न: १) प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख, काय ठेवू? फोल्डर अधिक आयडी अशी जोडी सगळे सुचवतात. २) गायकाचं वेगळं टेबल आत्ताच करू की नंतर? ३) सीडी उतरवणारी जुनी सॉफ्टवेअरं जुन्याच पद्धतीनं विचारतात, त्यांना उत्तर कोण देणार?

कोरडीभाकर

चालतंय ना? मग कशाला हात लावता. मजकूर-फायली आहेत, ग्रेप (मजकूर शोधणारी आज्ञा) मारा, गायक शोधा. डेटाबेस आला की त्याचा बॅकअप, त्याच्या आवृत्त्या, त्याचं पथ्यपाणी. नसती ब्याद.

तीनताल

चालत होतं. मागच्या महिन्यात नवी नोंद घ्यायला गेलं की 'डिस्कवर जागा नाही' असं म्हणायला लागलं, आणि डीएफ (मोकळी जागा दाखवणारी आज्ञा) बघावं तर निम्मं पार्टिशन मोकळं.

सांधेबदल

आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीमागे लागणाऱ्या नोंदी, संपले असणार. डीएफला आय हा पर्याय देऊन बघा. ईएक्सटी४ फॉरमॅट करताना नेहमीच्या सेटिंगवर दर १६ केबीमागे एक आयनोड ठरतो. म्हणजे १६ जीबीच्या पार्टिशनला साधारण साडेदहा लाख फायलींची मर्यादा, मग त्या कितीही छोट्या असोत. शिवाय एक केबीची फाइल असली तरी ती ४ केबीचा ब्लॉक अडवते. मोठं पार्टिशन करून हे टळेल, डेटाबेससाठी हे कारण मी धरणार नाही. खरं कारण शोधाचं आहे. आयडी माहीत असेल तर फाइल क्षणात मिळते. बाकी काहीही विचारलं की लाखो फायली उघडायच्या.

आता मुख्य मुद्दा. फोल्डर अधिक आयडी ही जोडी प्रायमरी की करू नका. का, ते तुमच्याच नोंदीवर दाखवतो.

तीन ट्रॅकची सुरुवात सेकंदांत: १५० भागिले ७५ म्हणजे २, मग १८४१, मग २८२०. आता प्रत्येक आकड्यातले अंक सुटे करून बेरीज: २, १+८+४+१ म्हणजे १४, २+८+२+० म्हणजे १२. एकूण २८. त्याला २५५ नं भागून उरलेली बाकी २८, सोळाच्या पायात (जिथं १० ते १५ साठी ए ते एफ लिहितात) १सी. ही पहिली दोन अक्षरं. मधली चार म्हणजे डिस्कची लांबी: ३६०० वजा २ म्हणजे ३५९८ सेकंद, सोळाच्या पायात ०ई०ई. शेवटची दोन म्हणजे ट्रॅकची संख्या, ०३. झाला आयडी: १सी०ई०ई०३.

यात ओळख पटवणारा ऐवज किती? लांबी आणि ट्रॅकसंख्या सोडली तर एक बाइटची बेरीज. बारा-पंधरा गाण्यांच्या डिस्कला ती थोडीफार कामाची. पण तुमच्या कपाटात ख्यालाच्या सीड्या आहेत, काहींवर अख्खी मैफल एकाच ट्रॅकमध्ये असेल. एकच ट्रॅक आणि तो नेहमीसारखा १५० व्या फ्रेमवर सुरू होत असेल, तर पहिली दोन अक्षरं कायम ०२ आणि शेवटची दोन कायम ०१. उरली ती फक्त लांबी, तीही सेकंदात. अर्ध्या तासापासून ७४ मिनिटांपर्यंत लांबी धरली तर २६४० वेगळे आयडी होतात, संपला विषय. लांब्या सारख्या पसरलेल्या आहेत असं मानलं तर अशा साठेक डिस्क जमल्या की त्यातल्या कुठल्या तरी दोघींचा आयडी एकच निघण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास जाते.

उंबरठा

म्हणजे ज्या संगीतात एक राग तासभर चालतो त्यालाच ही पद्धत सगळ्यात कच्ची! हे कधी डोक्यात आलं नव्हतं. प्रतिसाद साठवून ठेवला.

मी_मिरजेचा

आणि फोल्डरचं काय होतं ते मी सांगतो, कारण या नोंदी भरण्यात माझी बरीच संध्याकाळ गेली आहे. एका फोल्डरमध्ये एका आयडीची एकच फाइल राहू शकते. क्लासिकलमध्ये तो आयडी कुणी आधीच घेतलेला असेल तर तुमची तोडी फोकमध्ये टाकायची. तिथंही कुणी बसलेला असेल तर मिसलेनियस, मग न्यूएज. नाट्यसंगीत रेगेमध्ये का ठेवलंय असं विचारणाऱ्या नवख्याला काय सांगणार? जागा मिळाली तिथं बसलंय, एसटीत मिळतं तसं. त्यामुळे फोल्डरच्या नावावरून संगीताचा प्रकार ओळखायच्या फंदात पडू नका. प्रकारासाठी पुढं डीजॉनर ही वेगळी ओळ आली, पण तीही ज्यानं त्यानं आपल्या मनानं भरलेली.

सांधेबदल

नेमकं हेच. फोल्डर म्हणजे आयडीची टक्कर निस्तरायची सोय, वर्गीकरण म्हणून तिला किंमत नाही. तुमच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीला आपला असा एक चालू क्रमांक द्या, जो बाहेर कुणालाही दाखवायचा नाही. जुना आयडी आणि जुना फोल्डर हे दोन साधे कॉलम, त्यावर इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची), पण आयडीवर युनिकचं बंधन नाही. उद्या बारावी डिस्क त्याच आयडीची आली तरी डेटाबेस तक्रार करणार नाही.

दुसरं, सूचीचं टेबल वेगळं ठेवा. एकच अल्बम दोन वेगळ्या कारखान्यांत दाबला गेला तर ट्रॅकच्या सुरुवाती दहावीस फ्रेमनं सरकतात आणि आयडी बदलू शकतो. जुन्या सर्व्हरमध्ये यासाठी डिस्कआयडीच्या ओळीत स्वल्पविराम देऊन अनेक आयडी असतात आणि डिस्कवर एकाच फाइलला अनेक नावांचे हार्डलिंक. हे लक्षात ठेवा, आयात करताना लागेल: नुसतं फोल्डर वाचत गेलात तर एकच नोंद दोनदा-तीनदा आत येईल. फाइलचा आयनोड क्रमांक बघा, तो आधी येऊन गेला असेल तर फक्त नवा आयडी जोडा.

तीनताल

ही हार्डलिंकची गोष्ट लाखमोलाची. मी फायली पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या मशीनवर नेणार होते, तिथं लिंक तुटून सगळ्या सुट्या झाल्या असत्या.

सांधेबदल

टार करून, म्हणजे सगळं एका फाइलीत बांधून, न्या, टार हार्डलिंक जपतो.

वसईचा_पाऊस

एवढा खटाटोप पोस्टग्रेससाठी? खोलीतला एक पीसी, एका वेळी जास्तीत जास्त दोन-तीन माणसं. एसक्यूलाइट घ्या. एक फाइल, कॉपी केली की बॅकअप झाला.

सांधेबदल

एवढ्या वापराला एसक्यूलाइट पुरेल, वाद नाही. पोस्टग्रेसच्या बाजूनं एक गोष्ट आहे, 'जवळपास जुळणारी' डिस्क शोधणं. म्युझिकब्रेन्झ (संगीताच्या माहितीचा लोकांनी भरलेला खुला साठा) पोस्टग्रेस वापरतं आणि या कामाला त्यातलं क्यूब नावाचं एक्स्टेन्शन. ट्रॅकच्या लांब्यांपासून काही मोजक्या मितींचा एक बिंदू तयार करायचा, विचारलेल्या डिस्कभोवती थोड्या ढिलाईची एक पेटी आखायची, आणि त्या पेटीत कोणकोणते बिंदू पडतात ते जिस्ट नावाच्या इंडेक्सला विचारायचं. फायलींच्या पद्धतीत यासाठी खूप चाळावं लागतं. आयडी वापरायचाच नाही, थेट लांब्यांवरच शोध, त्यामुळे वरची सगळी टकरांची भानगडही बाजूला पडते.

कोरडीभाकर

आता पटायला लागलंय. तरी विचारतो: मूळ फायलींचं काय करणार? टाकून देणार?

अनुनासिक

टाकू नका! हाच माझा प्रांत म्हणून मध्ये पडते. मूळ फाइल जशीच्या तशी, बाइटसह, एका कॉलममध्ये ठेवा. कॉलमचा प्रकार बायटीए (कच्चे बाइट), टेक्स्ट नाही. कारणं:

फ्रीडीबीच्या नोंदी काही आयएसओ ८८५९-१ (रोमन लिपीपुरती जुनी अक्षरसंकेत पद्धत) मध्ये, काही यूटीएफ-८ (सगळ्या लिपींना चालणारी) मध्ये असतात. यूटीएफ-८ रीतसर आलं प्रोटोकॉलच्या (सर्व्हरशी बोलायच्या नियमांच्या) सहाव्या पातळीपासून. यूटीएफ-८ डेटाबेसमधला पोस्टग्रेसचा टेक्स्ट कॉलम चुकीचा बाइट आला की ओळ सरळ नाकारतो, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा आधी यूटीएफ-८ म्हणून वाचून बघायचं, नाही जमलं तर आयएसओ. पण एक तिसरी जात आहे ती या चाळणीतून अलगद सुटते: युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली शीर्षकं. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, वैध आयएसओ. आत येतील आणि कचरा दिसतील. ती ओळखायला माणूसच लागेल. मूळ बाइट हातात असले तर फॉन्टचा तक्ता लावून पुढं कधीही सुधारता येतं.

आणखी एक. एक्सएमसीडीच्या फाइलमध्ये ओळीला २५६ ची मर्यादा आहे. शीर्षक लांब असेल तर तीच कळ पुन्हा लिहून पुढची ओळ जोडतात, म्हणजे टीटायटल४ दोनदा येतं. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. क्लायंटनं बाइट मोजून ओळ तोडली तर 'ज्ञा'च्या मध्येच सुरी फिरते. म्हणून आधी सगळ्या ओळींचे बाइट जोडा, मग डिकोड करा. उलट केलंत तर पहिल्या ओळीच्या शेवटी आणि दुसरीच्या सुरुवातीला ते काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उगवतं.

उंबरठा

अवांतर: पोस्टग्रेसमध्ये टेबलांची नावं मराठीत देता येतात का?

अनुनासिक

येतात. नावाला ६३ बाइटची मर्यादा, म्हणजे देवनागरीत २१ चिन्हं, काना-मात्रा धरून. 'ध्वनिमुद्रिका' बसतं. तरी उद्या दुसऱ्या कुणाला कीबोर्ड बदलत बसावं लागेल, म्हणून मी तरी करणार नाही.

तीनताल

गायकांकडे वळू या. डीटायटलमध्ये 'कलाकार / अल्बम' असं एकत्र असतं, मध्ये तिरकी रेघ. रेघ नसेल तर कलाकार आणि अल्बम दोन्हीचं नाव तेच मानायचं. पण आपल्या लोकांनी रेघ कुठंही वापरली आहे. 'यमन / भूप', 'तबला / हार्मोनियम', 'भाग १ / २'. आणि एकाच माणसाची नावं बघा: भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी, जोशी भीमसेन. रोमनमधली स्पेलिंगं तर आणखी.

मी_मिरजेचा

मूळ पंचाईत 'कलाकार' या एकाच रकान्याची आहे. परदेशी पॉप अल्बमला एक बँड, एक नाव, काम झालं. आपल्या भावगीताला कवी, संगीतकार, गायक तिघंही लागतात आणि शोधणारा कुठल्याही नावानं शोधत येतो. गीतरामायणच घ्या. शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर मूळ मालिका झाली तेव्हा गाणारे अनेक होते, नंतर बाबूजींच्या आवाजात ते घरोघरी गेलं. ५६ गीतं म्हणजे एका सीडीत मावत नाही, संचच लागतो. जुन्या साठ्यात त्या संचातली प्रत्येक डिस्क स्वतंत्र फाइल, एकमेकींशी नातं काही नाही, आणि कलाकाराच्या जागी भरणाऱ्याला त्या क्षणी जे सुचलं ते. एकानं कवी लिहिलाय, दुसऱ्यानं गायक, तिसऱ्यानं कंपनी!

डेटाबेस करताच आहात तर हे नीट करा. व्यक्तींचं एक टेबल. ध्वनिमुद्रणाचं एक. मध्ये जोडणारं तिसरं टेबल, त्यात भूमिका: गायन, संगीत, काव्य, तबला, हार्मोनियम, सारंगी, तानपुरा. होय, तानपुराही. मागं बसून तानपुरा धरणारी पोरं पुढं मोठी गायक होतात, आणि मग लोक तीच मुद्रणं शोधत येतात.

सांधेबदल

बरोबर, पण हे आयातीच्या वेळी करू नका. लाखो नोंदींतून यंत्रानं कवी कोण, गायक कोण हे ओळखायला गेलात तर चुका इतक्या खोल मुरतील की पुढं कुठली माहिती माणसानं तपासलेली आणि कुठली यंत्रानं ठोकून दिलेली हेच कळणार नाही. पहिल्या फेरीत डीटायटल आहे तसं ठेवा, न तोडता. रेघेवर तोडून जे मिळेल ते वेगळ्या दोन कॉलमांत, 'अंदाज' अशी खूण करून. व्यक्तींशी जोडणी फक्त मंडळाच्या स्वतःच्या डिस्कची आणि ती हातानं.

नावांसाठी म्युझिकब्रेन्झची एक युक्ती घेण्यासारखी आहे. तिथं व्यक्ती वेगळी आणि मुखपृष्ठावर तिचं नाव जसं छापलंय ते वेगळं. म्हणजे 'पं.' काढायचं की ठेवायचं हा वादच उरत नाही. मुखपृष्ठावर जे आहे ते तिथं, आणि आत दुवा एकाच भीमसेन जोशींकडे.

वसईचा_पाऊस

एवढं सगळं म्युझिकब्रेन्झकडे आहे, तर तेच का नाही वापरत? त्यांची मुख्य माहिती सीसी शून्य आहे, कुणीही घ्यावी.

तीनताल

तेही करायचंय, आमच्या खास डिस्क तिकडे चढवायच्या आहेतच. पण ज्या सीड्या मंडळानं स्वतः मुद्रित करून सभासदांना वाटल्या त्या तिथं कुठून असणार? शिवाय आमची सीडी उतरवणारी मंडळी सत्तरीतली आहेत, त्यांना सवयीचं सॉफ्टवेअर बदलायला सांगायची माझी छाती नाही.

सांधेबदल

मग तुमचा तिसरा प्रश्न. जुन्या सॉफ्टवेअरला कळायलाच नको की मागं काय बदललंय. एचटीटीपीवरून मोजक्याच आज्ञा येतात, हॅलो प्रत्येकीसोबतच असतो. आधी क्वेरी: आयडी, ट्रॅकसंख्या, सगळे ऑफसेट, एकूण सेकंद. उत्तर २०० म्हणजे एकच नोंद सापडली, २१० म्हणजे नेमक्या जुळणाऱ्या अनेक, २११ म्हणजे जवळपासच्या, २०२ म्हणजे काही नाही. मग रीड: फोल्डर आणि आयडी. त्याला उत्तर म्हणून जुन्या ढंगाची फाइल टेबलांतून पुन्हा रचून द्यायची आणि शेवटी एका ओळीत नुसता टिंब. पायथनची छोटी स्क्रिप्ट पुरते.

मेख फक्त एक. रीडमध्ये फोल्डर अधिक आयडी हीच ओळख येते आणि तुमच्याकडे आता त्या जोडीच्या दोन नोंदी असू शकतात. तेव्हा क्वेरीचं उत्तर देतानाच अकरांपैकी वेगवेगळे फोल्डर त्या त्या नोंदीला तात्पुरते वाटून द्या आणि कुठला कुणाला दिला ते एका टेबलात लिहून ठेवा. मिरजकर म्हणाले तसं, जागा मिळेल तिथं बसवायचं, पण आता निदान तिकिटावर.

मी_मिरजेचा

:) तोडी अजूनही रेगेतच जाणार तर.

अनुनासिक

एक शंका. म्युझिकब्रेन्झचा डिस्क-आयडी आहे नोंदींवरून काढून ठेवता येईल ना? म्हणजे पुढं जोडणी सोपी.

सांधेबदल

नाही येत, आणि हे आधीच सांगायला हवं. तो आयडी एसएचए-१ या हॅश पद्धतीनं काढलेला, २८ अक्षरी. त्यात पहिल्या-शेवटच्या ट्रॅकचे क्रमांक आणि सगळे ऑफसेट लागतातच, शिवाय डिस्क संपते तो बिंदूही फ्रेममध्ये लागतो. एक्सएमसीडीच्या फाइलमध्ये शेवट फक्त सेकंदात लिहिलेला आहे. ३६०० सेकंद म्हणजे २७०००० वी फ्रेम की २७००७४ वी, की मधली कुठली? ७५ शक्यता. त्या ७५ आयडींपैकी बरोबर कुठला ते फाइल बघून कुणीच सांगू शकत नाही.

तीनताल

अरे देवा. म्हणजे आधी उतरवलेल्या डिस्क पुन्हा ड्राइव्हमध्ये घालाव्या लागणार?

सांधेबदल

फक्त सूची वाचायला. काही सेकंदांचं काम आहे, पूर्ण डिस्क उतरवायची गरज नाही. टेबलात 'शेवटची फ्रेम' असा कॉलम आत्ताच ठेवा, रिकामा (नल) चालेल असा. आयात करताना तो रिकामा राहील. तसंच उतरवताना लॉग ठेवला असेल तर आधी तो बघा, बरीच सॉफ्टवेअरं सूची त्यात अख्खी लिहितात.

तीनताल

लॉग आहेत! ज्यांचे नाहीत त्या डिस्क वेगळ्या काढते. माल पोस्टग्रेसच्या कॉपी आज्ञेनं आत घ्यायचा आणि इंडेक्स शेवटी बांधायचे, बरोबर ना?

सांधेबदल

हो. आणि क्यूबचा इंडेक्स सगळ्यात शेवटी.

कोरडीभाकर

सीडीचा ड्राइव्ह असलेला एक चालू लॅपटॉप माझ्याकडे पडून आहे. गाव कळवा, पाठवून देतो.